श्वास शिकवणारा दत्ता

दत्ता,

तू सुटलास, असं सगळे म्हणतात. दहाव्याला म्हणाले, तेराव्याला म्हणाले, अजूनही जिन्यात भेटले की म्हणतात, "सुटला बिचारा. फार हाल झाले." मी मान हलवतो. लोक चांगल्या मनाने बोलतात, त्यांच्याशी काय भांडायचं? पण तुला सांगतो, मला ते पटत नाही. सुटायचं होतं कोणाला? तुला जगायचं होतं. नाकात ऑक्सिजनची नळी असताना तू मला विचारलंस, "मास्तर, यंदा मोहोर कसा आहे, गावाहून काही कळलं?" ज्याला सुटायचं असतं तो आंब्याची चौकशी करत नाही.

हे मी तुझ्याशीच बोलतोय, कारण दुसऱ्या कोणाशी बोलता येत नाही. घरात नीलाशी बोलायला गेलो की ती डोळ्यांना पदर लावते. आणि सुलभावहिनींसमोर माझं तोंडच उघडत नाही. समोरासमोर दारं आपली. सकाळी दोन्ही दारं एकदम उघडली तर आम्ही दोघंही काहीतरी विसरल्यासारखं करून परत आत जातो.

तुझी-माझी ओळख तशी जुनी, पण ती पेपर घेण्यादेण्याची. मैत्री झाली ती मी मरायला लागलो तेव्हा. हसू नकोस. मला तेव्हा खरंच वाटत होतं की मी मरतोय.

नववीच्या वर्गात फळ्यावर प्रमेय लिहीत होतो. मधेच छातीत काहीतरी धडकलं, हाताला मुंग्या आल्या, खडू सुटला. हवा मिळेना. पोरांनी पाणी आणलं, शिपायाने रिक्षा आणली. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला आणि म्हणाले, "मास्तर, हार्ट एकदम ओके. टेन्शन घेऊ नका." मी टेन्शन घेत नव्हतो. तेच मला घेऊन जात होतं. पुढच्या आठवड्यात न्हाव्याच्या खुर्चीत तेच झालं, गळ्याभोवती कापड बांधलेलं होतं तेव्हा. मग रेशनच्या रांगेत. मग मी रांगेत जाणं सोडलं, न्हाव्याकडे जाणं सोडलं, शेवटी शाळेतून रजा घेतली. नीला ऑफिसला गेली की मी पंख्याखाली बसून राहायचो आणि मरण येण्याची वाट बघायचो. मरण येत नव्हतं, त्याची भीती तेवढी न चुकता यायची.

अशाच एका दुपारी तू पहिली पाळी करून परत येत होतास. माझं दार उघडं होतं. मी जमिनीवर भिंतीला टेकून बसलो होतो आणि मासा पाण्याबाहेर काढल्यावर करतो तसं करत होतो. तू चपला बाहेर काढल्यास, आत आलास, माझ्यासमोर मांडी घालून बसलास. तुझ्या भुवयांवर, केसांवर पांढरी भुकटी होती. आंघोळसुद्धा केली नव्हतीस.

"काय होतंय?"

"श्वास... मिळत नाय."

"मिळतोय. नको तेवढा मिळतोय. किती घेशील रे? आधी सोड."

"सोडला तर..."

"सोडला तर परत येतो. तो काय जावई आहे रुसून बसायला? सोड. ओठांनी फुंकर मार. चहा गरम आहे असं समज."

मी फुंकर मारली. थरथरत. तू माझा हात उचलून माझ्याच पोटावर ठेवलास. "आता येतोय तो इथे येऊ दे. छातीत नको. छाती कशाला फुगवतोस, कुस्ती आहे काय? पोटात. हां. आता परत फुंकर. घेतलास त्याच्यापेक्षा जास्त वेळ सोडायचं. घाई काय आहे? कुठे आग लागलीय?"

किती वेळ बसलो कोण जाणे. तू घड्याळाकडे बघितलं नाहीस. बोटांच्या मुंग्या गेल्या, कानातली धडधड मागे मागे गेली, आणि मला रस्त्यावरच्या भंगारवाल्याची आरोळी ऐकू आली. इतके दिवस माझ्या कानात मीच होतो. बाहेरचं जग परत ऐकू आलं ते त्या दुपारी. मी रडलो. तू उठलास आणि म्हणालास, "उद्या परत येतो. वहिनींना सांग चहा ठेवून जायला."

मग तू रोज यायला लागलास. चमत्कार वगैरे काही बोलला नाहीस. पाठ ताठ, खांदे सैल, पोटात श्वास. कधी एक नाकपुडी मिटून दुसरीने घ्यायचा. कधी भुंग्यासारखा गुंगुं आवाज करत सोडायचा, तेव्हा नीला स्वयंपाकघरातून विचारायची, "गॅलरीत मधमाश्या आल्यात का?" तू सांगायचास, "भीती आली की तिला हाकलू नको. तिला बस म्हण. आणि तू आपला सोडत राहा." पावसाळा संपायच्या आत मी शाळेत परत गेलो आणि ते प्रमेय पूर्ण केलं. खाली 'हे सिद्ध करायचे होते' असं लिहिताना माझा हात स्थिर होता. घरी येऊन मी तुला ते सांगितलं तर तू म्हणालास, "झकास. आता न्हाव्याकडे जाऊन ये, झाड वाढलंय डोक्यावर."

हे सगळं तुला कसं येतं, असं मी विचारलं तेव्हा तू मला तुझ्या तोतरेपणाची गोष्ट सांगितलीस. मी थक्क झालो होतो. तुझ्यासारखा गप्पिष्ट माणूस, आणि तोतरा? गावच्या शाळेत नाव विचारलं की तू 'द' वर अडकायचास, आणि पोरं ओरडायची, "ह्येचा इंजिन सुरू झाला!" मुंबईत आलास तरी ते इंजिन होतंच. नोकरीच्या मुलाखतीत नाव सांगता आलं नाही म्हणून उठून आलास. मग तुझ्या मावसभावाने तुला पार्ल्यात एका आजोबांकडे नेलं. ते रविवारी सकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये प्राणायाम शिकवायचे. त्यांनी तुझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शब्द बाहेर जाणाऱ्या श्वासावर बसतो. तू श्वास धरून ठेवतोस, मग शब्द बसणार कशावर?" वर्षभर तू दर रविवारी पार्ल्याला जात राहिलास. लग्नात सगळ्यांनी नाव घ्यायचा आग्रह केला, तेव्हा तू डोळे मिटलेस, श्वास सोडलास आणि न अडखळता सुलभावहिनींचं नाव घेतलंस. वहिनी सांगतात, मांडवातल्या लोकांना वाटलं नवरा लाजला. तुझी आई मात्र रडायला लागली होती.

मग गच्ची. माझं बघून आधी जोशीकाकू आल्या, त्यांना वर्षानुवर्षं झोप नव्हती. मग खालच्या मजल्यावरचे पटेलभाई आले ब्लडप्रेशर घेऊन. रविवारी सकाळी टीव्हीच्या अँटेनांच्या मधे सतरंज्या टाकून आपण बसायचो. पूर्वेला खाडीवरचं धुकं, पलीकडे तुर्भ्याच्या कारखान्यांच्या चिमण्या. पटेलभाईंना बरं वाटायला लागलं तसे ते म्हणाले, "दत्ताभाय, आता गोळी बंद." तू केवढा भडकलास! "माझ्या सांगण्यावरून गोळी सोडायची नाय हां. डॉक्टरला विचारा. श्वास श्वासाचं काम करतो, गोळीचं नाय." डॉक्टरांनी काही महिन्यांनी गोळी अर्धी केली तेव्हा पटेलभाईंनी अख्ख्या बिल्डिंगला जिलेबी वाटली. जोशीकाकू तर गच्चीवरच घोरायला लागल्या. तिसऱ्या मजल्यावरची ती नवी सून यायची, जिच्या घरातून सारखा आरडाओरडा ऐकू यायचा. ती डोळे मिटून बसायची आणि गालांवरून पाणी वाहत असायचं. तू तिला कधी काही विचारलं नाहीस. मी विचारलं, का नाही विचारत? तर म्हणालास, "तिला तेवढीच एक जागा आहे जिथे कोण विचारत नाय."

आपला वाद व्हायचा तो इथेच. मी गणिताचा मास्तर, मला पुरावा पाहिजे. मी म्हणायचो, "दत्ता, हे श्वासाने नाही होत. तू शेजारी येऊन बसतोस, त्याने होतं. माणूस माणसाजवळ बसला की बरा होतो. श्वास नुसतं निमित्त." तू म्हणायचास, "तसं असेल तर मी नसलो की कळेल." मी म्हणायचो, "बघू." किती हलकं बोलत होतो रे आपण.

आता जे सांगायचं ते आपण दोघंही टाळत आलो.

तुझी फाउंड्री घरापासून चालत जाण्याएवढी जवळ. तिथे ओतलेले लोखंडाचे भाग साफ करायचं तुझं खातं. मशीनने जोरात वाळूचा फवारा मारायचा, की लोखंडाला चिकटलेलं सगळं निघून जातं. मी एकदा तुझा डबा द्यायला आलो होतो तेव्हा दारातून बघितलं. आत माणसं होती की नव्हती ते कळत नव्हतं. माथेरानला धुकं असतं तसं, फक्त कोरडं. तू बाहेर आलास, नाकावरचा रुमाल खाली केलास. रुमालाच्या आतली बाजूसुद्धा पांढरी होती. तू हसून म्हणालास, "तुझी खडूची पावडर, माझी वाळूची. दोघं एकाच जातीचे." संध्याकाळी सुलभावहिनी तुझा शर्ट गॅलरीत झटकायच्या तेव्हा खालच्या कुंड्यांतल्या तुळशीवर थर बसायचा.

तुला खोकला लागला तो कधी, हे मला आठवत नाही. हेच तर आहे. कोणालाच आठवत नाही. आपला जिना उभा, सगळे धापा टाकत चढायचे, तू नाही. तू श्वासाच्या तालावर पाय टाकायचास, घेताना थांबायचास, सोडताना चढायचास. वर पोचलास की चेहरा शांत. पटेलभाई आपल्या पोराला म्हणायचे, "जो, बघ, दत्ताकाका कसे चढतात." आम्ही तुझं कौतुक करत होतो. तू पूर्वी जिन्यात बडबड करायचास ती बंद झाली होती, ते मात्र कोणाच्या लक्षात आलं नाही. बहुतेक तुझ्याही.

मग वजन उतरलं. कंपनीच्या डॉक्टरांनी आधी खोकल्याचं औषध दिलं, मग टीबी म्हणाले. घरात तुझं ताट-पेला वेगळा झाला. तुझा नितीन बारावी होऊन टायपिंग शिकत होता, त्याला वहिनींनी झोपायला आमच्याकडे पाठवलं. गोळ्या, इंजेक्शनं, अंडी, सगळं झालं. थुंकी तपासली की टीबी सापडायचा नाही, आणि गोळ्या मात्र चालूच. शेवटी मी तुला मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला, बराच वेळ बघितला, आणि विचारलं, "काम काय करता?"

दत्ता, तोपर्यंत तुला हे कोणी विचारलंच नव्हतं. इतके डॉक्टर झाले. खातोस काय, पितोस काय, विडी ओढतोस का, सगळं विचारलं. काम काय करतोस हे त्या बाईंनी पहिल्यांदा विचारलं. तू सांगितलंस. त्यांनी एक्स-रे खाली ठेवला. म्हणाल्या, हा टीबी नाही. सिलिकोसिस. वाळूची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते, तिथे गाठी धरतात, फुप्फुस कडक होत जातं.

"औषध?" मी विचारलं.

"नाही."

इतकं छोटं उत्तर मी कधी ऐकलं नव्हतं. मग त्यांनी तुला तपासलं, चालवून बघितलं, आणि त्यांना नवल वाटलं. "तुम्ही व्यायाम करता काही?"

"प्राणायाम करतो. बरीच वर्षं."

"तरीच. या फुप्फुसांवर माणूस इतका चालू शकत नाही. तुम्ही श्वास फार काटकसरीने वापरता." मग त्या म्हणाल्या, "त्यामुळेच कदाचित कळायला उशीर झाला. दम लागला असता तर आधी आला असता."

बाहेरच्या बाकावर येऊन बसलो. तू हसायला लागलास. "बघ मास्तर, तू पुरावा मागत होतास ना? मिळाला. सरकारी डॉक्टरने दिला." मला हसता आलं नाही. तुझंही हसू खोकल्यात गेलं.

त्या दिवसापासून माझ्या मनात ते बसलं आहे. जी गोष्ट तू मला दिलीस, जिच्यामुळे मी माणसांत आलो, तिनेच तुझा आजार लपवला. एकदा न राहवून मी तुला म्हटलंही, "तू श्वास शिकला नसतास तर लवकर धापा टाकल्या असत्यास. लवकर बाहेर पडला असतास त्या वाळूतून." तू पलंगावर उशांना टेकून बसला होतास. म्हणालास, "बाहेर पडून कुठे गेलो असतो रे? गिरण्या बंद पडल्यात, गिरणीवाले पोरं घेऊन आमच्या गेटवर उभे असतात, मिळेल ते काम द्या म्हणून. आधी कळलं असतं तरी मी त्याच खात्यात गेलो असतो. नुसता घाबरत गेलो असतो. ती वर्षं मी न घाबरता गेलो, ते काय कमी आहे?" मी म्हटलं, कमी आहे. तू म्हणालास, "तुझं गणित वेगळं, माझं वेगळं." वाद तिथेच राहिला. तुझं बरोबर असेल. मला अजून पटत नाही.

हिवाळ्यात तू म्हणालास, समुद्र बघायचाय. पटेलभाईंनी फियाट काढली. वर्सोवा जवळ पडलं असतं, पण तुला गोराईच पाहिजे होतं, तिथला किनारा गावासारखा दिसतो म्हणून. बोरिवलीहून होडीत बसलो, पलीकडे टांगा केला. टांग्यातून वाळूपर्यंतचं चालणं तुला झेपेना. नितीनने आणि मी तुला हातांच्या पाळण्यात उचलून नेलं आणि सुरूच्या झाडाखाली बसवलं. वहिनी नितीनला घेऊन शहाळी आणायला गेल्या. ओहोटी होती. वारा असा होता की माझा सदरा फडफडत होता. तू समुद्राकडे बघत होतास, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणालास,

"मास्तर, एवढी हवा आहे बघ. फुकटची. आणि माझ्यात ठेवायला जागा नाय."

तू वाळू मुठीत घेतलीस आणि बोटांतून सोडलीस. मग परत घेतलीस.

"ही पण वाळूच, ना? हिच्यात आम्ही किल्ले केले लहानपणी. तोंडात जायची, आय मारायची. काय नाय झालं तेव्हा." आणि मग तू रडलास. आवाज न करता, कारण हुंदक्याला श्वास लागतो आणि तेवढा तुझ्याकडे नव्हता. वहिनी शहाळी घेऊन येताना दिसल्या तेव्हा तू डोळे पुसलेस आणि त्यांना म्हणालास, "सुलभा, मलईवालं आणलंस काय?"

हॉस्पिटलातले शेवटचे दिवस मी शाळा सुटली की येत होतो. तुझा तोतरेपणा परत आला होता. शब्द बसायला श्वासच उरला नव्हता. "म-म-मास्तर" म्हणायचास आणि थकायचास. लहानपणचं ते इंजिन. तरीसुद्धा शेजारच्या खाटेवरच्या दमेकरी म्हाताऱ्याला तू खुणेने ओठांची फुंकर शिकवलीस. तो शिकला. त्याची घाबरगुंडी कमी झाली, नर्सनेही सांगितलं. बरा होऊन घरी गेला, जाताना तुझ्या पायांना हात लावून गेला. तू छताकडे बघत होतास.

शेवटची दुपार सांगतो. ती मी कोणाला सांगितलेली नाही. वहिनी डबा धुवायला नळावर गेल्या होत्या. तुला एकदम धाप लागली. ऑक्सिजन चालू होता, तरी तुझी मान पुढे आली, खांदे वर चढले, नाकपुड्या फुलल्या. आणि तुझे डोळे. ते डोळे मला ओळखीचे होते, ते माझेच होते, त्या दुपारचे, भिंतीला टेकून बसलेल्या माझे. मी तुझ्यासमोर बसलो. तुझा हात तुझ्या पोटावर ठेवला. म्हटलं, "दत्ता, सोड. हळू सोड. फुंकर मार. मी आहे." तू प्रयत्न केलास. खरंच केलास, शहाण्या विद्यार्थ्यासारखा. ओठ जुळवलेस. एकदा. दोनदा. मग तू मान हलवलीस. नाही. माझा हात बाजूला केलास आणि म्हणालास, "ब-बस कर."

मी बस केलं. नर्सला हाक मारली. डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं. तू खाटेची कड धरून ठेवली होतीस. तू शांतपणे गेलास असं मी वहिनींना सांगितलं. आयुष्यभर तू सगळ्यांची भीती उतरवलीस, आणि तुझी मला उतरवता आली नाही. श्वास सगळीकडे पोचतो असं मला वाटायला लागलं होतं. एका जागेपुढे तो जात नाही. आणि त्या जागी तू एकटा होतास, मी तुझा हात धरून बसलेलो असलो तरी.

कंपनीने गेटवर दोन मिनिटं शांतता पाळली. साहेब हार घेऊन घरी आले. "टीबीने चांगला माणूस नेला," म्हणाले. मी तिथल्या तिथे बोललो, "टीबी नव्हता, साहेब. डॉक्टरांनी सांगितलंय." ते माझ्याकडे बघून हळहळले, जणू मीच आजारी आहे. "दुःखात माणसाला काहीही वाटतं, मास्तर."

गच्चीवर एका रविवारी जोशीकाकूंनी सतरंज्या टाकल्या. मला म्हणाल्या, तुम्ही सांगा, आम्ही करतो. मी डोळे मिटा म्हटलं. पुढे काही सुचेना. खालच्या रस्त्यावर कोणीतरी खोकलं, आणि पटेलभाईंचा बांध फुटला. पुढच्या रविवारी कोणी आलं नाही. ती तिसऱ्या मजल्यावरची सून तेवढी येऊन गेली म्हणे, कुलूप बघून परत गेली.

आणि आपल्या वादाचं ऐक. गेल्या आठवड्यात शाळेत पेपर तपासताना मला परत ते आलं. तेच, मुंग्या, धडधड, हवा नाही. तू नव्हतास शेजारी. कोणीच नव्हतं. मी ओठ जुळवले, फुंकर मारली, पोटावर हात ठेवला. आणि दत्ता, गेलं. थोड्या वेळात सगळं गेलं. माझी नाडी ताळ्यावर आली. तू जिंकलास. माणूस नसला तरी श्वास चालतो. मी पेपरांचा गठ्ठा समोर ठेवून बसलो होतो आणि मला इतका राग आला तुझा, की काय सांगू. माझ्यावर चालतं. जोशीकाकू रात्रभर झोपतात. पटेलभाई अर्ध्या गोळीवर आहेत. तू शिकवलेलं सगळ्यांवर चालतं आणि तू नाहीस. मी तुझे आभार मानायला हवेत हे मला कळतं. मानतो. पण ते तुझ्यापर्यंत पोचतील असा माझा विश्वास नाही, आणि पोचून उपयोगही नाही.

एक गोष्ट राहिली. तुला सांगू नये असं वाटत होतं.

परवा नितीन माझ्याकडे आला. दाढी केलेली, केस कापलेले. म्हणाला, "काका, सोमवारपासून जॉइन होतोय. साहेबांनी बाबांच्या जागेवर घेतलंय."

"ऑफिसात ना?"

"खात्यात. ऑफिसात जागा नाय."

मी त्याला बसवलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं सांगायला लागलो, धुळीपासून. त्याने मला अर्ध्यातच थांबवलं.

"मला माहितेय, काका. बाबांनी सांगितलं होतं. आईला पण माहितेय."

"आणि तरी?"

"टायपिंगच्या परीक्षा दिल्या, किती ठिकाणी अर्ज केले, तुम्हीच तर लिहून दिलेत. आलं का कुठून काही? आजी आहे गावाला, आई आहे. दुसरं काय मिळालं की सोडेन ना." मग तो तुझ्यासारखा हसला. "नाकाला डबल रुमाल बांधीन."

मी त्याला काय सांगायचं होतं? मी गणित शिकवतो. माझ्याकडे त्याच्यासाठी नोकरी नाही. सुलभावहिनींशी बोलून बघितलं, दारातच. त्या म्हणाल्या, "भावोजी, मी त्याला नको म्हटलं. एकदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणायला माझ्याकडे काय आहे?"

आज सोमवार. सकाळी तो निघाला. पायऱ्या धडाधड उतरला, या वयात उतरतात तसा. वहिनी त्यांच्या गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या, मी माझ्या. त्याने खालून वर बघून हात केला आणि कोपऱ्यावरून वळला. तो दिसेनासा झाला तरी वहिनी आत गेल्या नाहीत. मीही गेलो नाही. थोड्या वेळाने फाउंड्रीचा भोंगा झाला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.